फेअरग्राउंडच्या गोठ्यात ट्रेलर ठेवायचाय? आधी एसीची उंची मोजा (विंटर स्टोरेज रिव्ह्यू)

ऑक्टोबर जवळ आला की कँपिंगचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) असलेल्या प्रत्येक घरात एकच चर्चा, हे धूड हिवाळाभर ठेवायचं कुठे. मंडळाच्या गणपतीत कोणी भेटलं की मला हमखास हा प्रश्न येतो आणि दरवेळी प्रसादाच्या लाइनीत उभं राहून तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदाच लिहून टाकतेय. आम्ही ठेवतो काउंटी फेअरग्राउंडवर, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या गोठ्यात. हो, खरोखरच्या गोठ्यात. ग्राउंडचं नाव नाही टाकत, कारण जागा आधीच मोजक्या आहेत आणि मला पुढच्या वर्षीही माझी जागा हवीये. पण अमेरिकेत विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिशिगन, इंडियाना, ओहायो या पट्ट्यात तुमच्या जवळपास असं एखादं नक्की सापडेल.

प्रकार असा की इकडे प्रत्येक काउंटीची उन्हाळ्यात जत्रा असते, त्यात गाई, डुकरं, मेंढ्या, कोंबड्या यांचं प्रदर्शन भरतं, शाळकरी पोरं आपापली जनावरं घेऊन येतात, आणि त्यासाठी बांधलेल्या लांबच लांब शेड्स बाकी वर्षभर ओस पडलेल्या असतात. मग ऑक्टोबर ते एप्रिल त्या बोटी, आरव्ही (कँपिंगच्या राहत्या गाड्या), ट्रेलर, जुन्या गाड्या ठेवायला भाड्याने देतात आणि ग्राउंडचा खर्च थोडाफार निघतो. हीटिंग नाही, सिक्युरिटी कॅमेऱ्यांचा थाट नाही, अॅप तर नाहीच नाही. ऑफिसात एक बाई, तिच्यापुढे एक जाडजूड वही, आणि बाहेर ट्रॅक्टरवर एक आजोबा. एवढीच यंत्रणा.

आम्ही इथवर का आलो ते थोडक्यात सांगते. राहतो शिकागोच्या सबर्बात, टाउनहोममध्ये, आणि आमच्या एचओएच्या (सोसायटीच्या) नियमात ड्राइव्हवेवर ट्रेलर बसत नाही. घरच्या गॅरेजचा विचारच सोडा. इकडे नेहमीच्या गॅरेजचं दार ७ फूट उंच असतं, नवीन घरात फार तर ८, आणि साधा ट्रॅव्हल ट्रेलर छतावरचा एसी धरून १० ते साडेअकरा फूट जातो. गॅरेजातच ठेवायचं असं पक्कं ठरवून ट्रेलर घेणार असाल तर गोष्ट वेगळी, मग अलाइनरसारखा घडी घालून खाली बसणारा घ्या, किंवा क्यूबेकच्या सफारी काँडोचा छत खाली उतरणारा आल्टो बघा. मिनेसोटातला तो गोंडस फायबरग्लासचा १३ फुटी स्कँपसुद्धा ७ फुटाच्या दारातून जात नाही, लहान दिसतो म्हणून फसू नका. आमचा तर सरळसोट चौकोनी डबा, सिंगल अॅक्सल (चाकांचा एकच आस), मागे बंक बेड. त्याला दारच मोठं पाहिजे.

आता पैसे. भाडं फुटावर लावतात आणि अख्ख्या सीझनचं एकदम घेतात. पण फूट म्हणजे कुठले फूट ते नीट समजून घ्या. ट्रेलरच्या नावात १७ आहे म्हणून १७ फुटाचे पैसे द्यायला गेलात तर ती बाई शांतपणे टेप काढते. कपलरच्या (गाडीला अडकवायचा पुढचा भाग) टोकापासून मागच्या बंपरपर्यंत, आणि बंपरला सायकल रॅक असेल तर तोही धरून मोजतात. आमचा १७ वाला प्रत्यक्षात २१ भरतो. तरीसुद्धा हीटेड स्टोरेजवाले दोन महिन्यांचं जे घेतात ना, त्यात इथे अख्खा हिवाळा निघतो.

पण या जागेची खरी गोम लांबीत नाहीये, उंचीत आहे. फॉर्मवर लिहिलंय दार १० फूट ६ इंच. ते चौकटीचं माप. दार वर सरकलं तरी खालच्या कडेचं रबर आणि हँडल चौकटीच्या आत लोंबत राहतं, त्यामुळे मोकळी जागा मिळते १० फूट ३ इंच. आणि आमचा ट्रेलर एसीच्या डोक्यापर्यंत १० फूट १ इंच. म्हणजे दोन इंच. दोन इंचांवर हजारो डॉलरची वस्तू आत ढकलायची म्हटल्यावर जीव टांगणीला लागणारच.

इथे पहिली सूचना, ब्रोशरमधल्या उंचीवर जाऊ नका. काही कंपन्या ती एसीसकट देतात, काही एसी ऑप्शनल म्हणून धरतच नाहीत, आणि तुम्ही नंतर बसवलेलं पंख्याचं कव्हर, सोलर पॅनल, अँटेना याचा तर प्रश्नच नाही. स्वतः मोजा. छतावर चढायची गरज नाही, बऱ्याच ट्रेलरचं छत माणसाचं वजन पेलायला बनवलेलं नसतंही. शिडी लावून एक लांब सरळ पट्टी एसीच्या डोक्यावर आडवी ठेवायची, ती बाजूला ट्रेलरच्या बाहेर येईल एवढी लांब पाहिजे, तिच्यावर लेव्हल धरायची आणि बाहेर आलेल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. नवऱ्याने लेव्हल धरली, मी टेप. सपाट जागी आणि टंग (पुढची ओढायची दांडी) लेव्हलमध्ये असताना मोजा, नाहीतर त्या मापाला काही अर्थ नाही.

आणि रिकामा ट्रेलर मोजा. हे कोणी सांगत नाही. ट्रिपला निघताना टाकीत पाणी, कपाटात डबे, खुर्च्या, पोरांच्या सायकली, या सगळ्याने स्प्रिंग दबलेल्या असतात. ४० गॅलन पाणीच जवळजवळ ३३० पाउंड होतं. हिवाळ्यासाठी आपण हे सगळं काढतो आणि ट्रेलर हलका होऊन वर उठतो. दोन इंचांच्या हिशेबात अर्धा-पाऊण इंच म्हणजे चेष्टा नाही.

उंची कमी करायचे उपाय लोक बरेच सांगतात. टायरमधली हवा काढा हा सगळ्यात आवडता. त्याने थोडं खाली येतं, इंचभर म्हणा फार तर, पण मऊ टायरवर ट्रेलर सहा महिने उभा करू नका, आत गेल्यावर लगेच हवा भरा. एसीचं प्लास्टिकचं कव्हर चार स्क्रू काढून उतरवा हा दुसरा. उतरवता येतं, पण खालचं यंत्र जवळजवळ तेवढंच उंच असतं, त्यामुळे फारसं हाती लागत नाही. एसी बदलायचाच असेल तर लो-प्रोफाइल घ्या, नेहमीचा १३-१४ इंच उंच असतो आणि लो-प्रोफाइल १० च्या आसपास, म्हणजे सरळ तीनेक इंच पदरात पडतात. पण नुसत्या गोठ्यासाठी चालू एसी फेकून द्यायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

खरा उपाय बघायला मिळाला ट्रॅक्टरवाल्या आजोबांकडे, आणि या रिव्ह्यूतला एक तारा पूर्णपणे त्यांचा. इथे तुम्हाला स्वतः ट्रेलर आत लावू देत नाहीत. तुम्ही गाडीने आणून ग्रॅव्हलवर (खडीवर) सोडायचा, अनहिच करायचा (गाडीपासून सोडवायचा) आणि बाजूला व्हायचं. मला आधी हे आवडलं नव्हतं. मग बघितलं की त्यांच्या ट्रॅक्टरच्या मागे थ्री-पॉइंट हिच (अवजारं वर-खाली करायची जोडणी) आहे आणि त्यावर बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) बसवलाय, म्हणजे ते सीटवर बसल्या बसल्या लिव्हर ओढून ट्रेलरची टंग वर-खाली करू शकतात. आपल्या पिकअपचा बॉल आहे त्या उंचीवर राहतो, त्यांचा नाही. सगळी जादू तिथे आहे.

हिशेब सांगते, शाळेतलं त्रैराशिकच आहे. ट्रेलर अॅक्सलवर सी-सॉसारखा फिरतो. आमच्या कपलरपासून अॅक्सल १३ फूट, एसी अॅक्सलच्या ३ फूट पुढे. टंग १० इंच खाली घेतली की एसी ३ भागिले १३ गुणिले १०, म्हणजे सव्वादोन इंच खाली येतो. दोन इंचांची फट सव्वाचार झाली. मागचं टोक अॅक्सलपासून ८ फूट, ते सहाएक इंच वर जातं, पण तिथे नुसतं छत आहे, एसीच्या डोक्यापेक्षा फूटभर खालीच, त्यामुळे चालतं. तुमचा एसी नेमका अॅक्सलच्या वर असेल तर टंग कितीही हलवा, काही फरक पडणार नाही. आणि अॅक्सलच्या मागे असेल तर उलटं, टंग वर घ्यावी लागेल, पण मग मागचा बंपर आणि सीवर पाइप जमिनीला घासतोय का तेही बघायला हवं. म्हणून फोन करताना नुसती उंची सांगू नका, एसी अॅक्सलच्या पुढे आहे की मागे आणि किती, हेही सांगा. ऑफिसातल्या बाईला ते कळणार नाही, ती वहीत लिहून घेते आणि आजोबांना बरोबर कळतं.

ते काम करताना बघण्यासारखं असतं. ट्रेलर उलटा, मागचं टोक आधी आत. दाराशी आले की थांबतात, खाली उतरतात, एक झाडूचा दांडा आहे त्यांच्याकडे, त्यावर काळ्या टेपची खूण, तो एसीच्या बाजूला उभा धरून डोळा बारीक करून बघतात, परत वर चढतात, लिव्हर एक बोटभर ओढतात. इंजिन जेमतेम धडधडतंय, टायर मुंगीच्या वेगाने फिरतायत. एसी रबराच्या खालून जाताना मी श्वास धरून उभी. रबराची खालची कड आणि एसीचं पांढरं कव्हर यांच्यामध्ये मागच्या खिडकीतला उजेड दिसत होता, साधारण चार बोटं. पार झाल्यावर आजोबांनी मागे वळूनही बघितलं नाही. बाजूला एक पाँटून बोटवाला उभा होता तो टाळ्या वाजवायला लागला.

ज्यांची स्वतःची पोल बार्न (खांबांवर उभी केलेली मोठी शेड) आहे किंवा बांधायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. दाराची उंची वजा ट्रेलरची उंची एवढ्यावर विसंबू नका, बाहेरचा उतार बघा. जमीन दारापासून बाहेरच्या बाजूला उतरत असेल, बहुतेक ठिकाणी तशीच असते, तर ट्रेलर चढावर असताना मागचं टोक वर उचललेलं राहतं. चौकट पार होते, पण आत गेल्यावर ते टोक आणखी वर जात राहतं, चाकं सपाट फरशीवर येईपर्यंत. फुटाला एक इंच असा चढ असेल तर ६ फूट आत गेलेलं टोक ६ इंच वर असतं. आणि नेमकं तिथेच वर उघडलेल्या दाराचे पत्रे, ओपनरची दांडी, ट्यूबलाइटची पट्टी लटकलेली असते. म्हणजे चौकटीतून सुखरूप गेला आणि आतल्या दिव्याला जाऊन भिडला असं होतं. याच्या उलट, बाहेरून आत उतार असेल तर मधला भाग, म्हणजे एसी, चौकटीला लागायची भीती. इथल्या गोठ्यात दारापुढे ग्रॅव्हलचा छोटा चढ आहे आणि आत पहिल्या खांबापर्यंत वर काहीही लटकवलेलं नाहीये, कोणीतरी विचार करून ठेवलंय. स्वतःची बांधत असाल तर सरळ १४ फुटाचं दार करा. बहुतेक राज्यांत रस्त्यावर १३ फूट ६ इंचांपर्यंतच परवानगी असते, त्यामुळे पुढेमागे फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात अडकवायचा उंच ट्रेलर) घेतला तरी अडचण नाही.

रुंदीचं फार टेन्शन नाही, ८ फुटी ट्रेलर आणि १२ फुटी दार. फक्त ऑनिंगचा (बाहेर उघडणाऱ्या छपराचा) हात आणि दाराजवळची पकडायची मूठ बाहेर येते, ती बाजू ड्रायव्हरला आधी दाखवा.

आतलं वातावरण. खांबांवर अजून गाईंच्या जागांचे नंबर आहेत, एका फळीवर कुठल्यातरी पोराने खडूने गाईचं नाव लिहून बाजूला बदाम काढलाय, फरशी धुतलेली असते पण वास पूर्ण गेलेला नसतो, आणि गावी आजोळी ज्यांनी सुट्ट्या काढल्यात त्यांना तो वास लगेच ओळखू येईल. मला चालतो. नवऱ्याला नाही, तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलाय.

ट्रेलर इतके चिकटून लावतात की मधून माणूस आडवाच जाऊ शकतो. एकाची टंग दुसऱ्याच्या बंपरखाली, मोठ्या मोटरहोमच्या मधल्या फटीत जेट स्की, असं सगळं आजोबांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्यामुळे मध्ये काही विसरलं म्हणून आणायला जाता येत नाही. एकदा दार बंद झालं की एप्रिल. थँक्सगिव्हिंगला टेक्सासला ट्रेलर घेऊन जायचा बेत असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही.

तक्रारी आहेत. कबुतरं, पहिली तक्रार. वरच्या तुळयांवर बसतात आणि खाली काय पडतं ते सांगायला नको, वसंतात छत धुवायला अख्खी सकाळ जाते. ऑफिसला सांगितलं तर म्हणे जाळी लावणार आहोत, ते आजतागायत लावतायत. कव्हर घालावं तर तेही उंचीत धरलं जातं, म्हणून आम्ही ट्रेलर आत गेल्यावर नुसती पातळ चादर टाकायची परवानगी मागितली, आजोबांनीच शिडीवरून टाकून दिली. दुसरी तक्रार उंदीर. गोठा आहे, दाणे-गवत सांडलेलं असणार, उंदीर येणारच. पेपरमिंट ऑइलचे बोळे ठेवून काही होत नाही, नुसता ट्रेलरला टूथपेस्टचा वास येतो. खाली झोपून पाइप, वायर जिथून आत शिरतात ती भोकं स्टील वूलने बुजवा आणि आत एक दाणाही ठेवू नका. चिवड्याचा डबा घट्ट बंद आहे म्हणून राहू द्या असं अजिबात करू नका. तिसरी, करारात स्पष्ट लिहिलंय की कशाचीच जबाबदारी त्यांची नाही, इन्शुरन्स तुमचा, आणि त्याचा कागद दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.

नियम कडक आहेत ते प्रोपेनच्या बाबतीत, सिलिंडर काढून घरी न्यायचे, नुसता कॉक बंद करून चालत नाही. लाकडी बांधकाम आणि शेजारी शंभरएक वाहनं म्हटल्यावर बरोबरच आहे. बॅटरी डिस्कनेक्ट. आम्ही ती काढून घरी बेसमेंटमध्ये ठेवतो, कारण उतरलेली लेड-अॅसिड बॅटरी थंडीत गोठून फुटते. हीटिंग नाही त्यामुळे विंटरायझिंग (पाइपांत पाणी गोठू नये म्हणून करायची तयारी) करूनच न्यायचा, इनडोअर आहे म्हणून गाफील राहू नका, आतही बाहेरच्याइतकंच गोठतं. वॉटर हीटर रिकामा करून बायपास, मग गुलाबी अँटिफ्रीझ सगळ्या नळांतून, शॉवर आणि टॉयलेट धरून, गुलाबी दिसेपर्यंत. फ्रिजचं दार टॉवेल अडकवून उघडं.

मग न तापवलेल्या गोठ्यात ठेवून फायदा काय, बाहेर ताडपत्री टाकून ठेवला तर काय बिघडतं, असं एकाने विचारलं होतं. बिघडतं. ट्रेलर थंडीने मरत नाही, पाण्याने मरतो. छताच्या सांध्यांवरचं सीलंट जरा तडकलं की बर्फ वितळून पाणी आत जातं, रात्री परत गोठतं, फट मोठी होते, आणि हे हिवाळाभर चालतं. वसंतात कोपऱ्यातली भिंत दाबून बघाल तर बोट आत जातं. ताडपत्री वाऱ्याने फडफडून छतच घासते ते वेगळं. गोठ्यात ऊन नाही, बर्फ नाही, वारा नाही. आधी आम्ही एका उघड्या लॉटवर ठेवायचो, तिथून आणल्यावर दरवर्षी सीलंटचं काम निघायचं, इथे आल्यापासून फक्त पाहणी. हीटेड जागा याहून चांगली असेलच, पण विंटरायझिंगची एक दुपार वाचवण्यासाठी तिप्पट पैसे मोजायची माझी तयारी नाही.

बाहेर काढायची वेळ एप्रिलमध्ये दोन वीकेंडला असते आणि तिथे धीर धरावा लागतो. तुमच्या पुढच्या रांगेतला माणूस आला नाही तर तुम्ही अडकलात, आम्ही असे एकदा दुपारभर एका बोटवाल्याची वाट बघत बसलो होतो आणि बोटवाला होता फ्लोरिडात. शेवटी आजोबांनी ती बोट स्वतःच ओढून बाजूला केली. आणखी एक, थंडीने टायरची हवा कमी झालेली असते, दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय, म्हणून लोक हौसेने कंप्रेसर घेऊन आत शिरतात. आत भरू नका. टायर फुगला की ट्रेलर तेवढाच वर येतो आणि दारात परत तोच प्रश्न. ग्रॅव्हलवर आल्यावर भरा, घरी निघायच्या आधी मात्र नक्की.

माझे ५ पैकी ४ तारे, एक कबुतरांनी खाल्ला. २२-२३ फुटाच्या आतला, १० फुटाच्या आसपास उंचीचा ट्रेलर असेल आणि हिवाळ्यात त्याला हात लावायचा नसेल तर डोळे मिटून घ्या. ११ फुटाच्या वर असेल तर आधी या गोठ्याऐवजी मोठ्या एक्झिबिट हॉलचं दार किती आहे ते विचारा, तिथे जागा कमी आणि दर जास्त असतो. जुनी गिऱ्हाइकं ऑगस्टमध्येच जागा पक्की करतात, उरलेल्यांची यादी लेबर डेनंतर (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर) लागते. ईमेलला उत्तर येत नाही, व्हॉइसमेल भरलेला असतो, मंगळवारी सकाळी फोन केला तर बाई स्वतः उचलते.